दोन टाक्यांचे आप्पा

पलूस-सांगली रस्त्यावर नव्वदच्या दशकात एकच प्रश्न असा होता की ज्यापायी सख्खे भाऊ एका पंक्तीला बसायचे बंद झाले. प्रश्न देवाधर्माचा नव्हता, निवडणुकीचाही नव्हता. पेट्रोलच्या जीपला जादा पैसे घालून रॉकेलची दुसरी टाकी बसवावी की नाही, एवढाच. परवडतं की परवडत नाही? ज्याला हा प्रश्न पडे त्याला हाटेलात, सलूनमध्ये, अगदी मर्तिकाच्या गर्दीतसुद्धा एकच सल्ला मिळे, "हणमंतआप्पाकडं जा." या प्रश्नाची पुरती किंमत मोजलेला दुसरा माणूस माझ्या माहितीत नाही. म्हणून सल्ला बरोबरच होता.

फौजेत ट्रक हाणून आप्पा गावी परतले ते एक मिशी आणि एक जुनी जीप घेऊन. जीप लष्कराच्या लिलावातली. तिने कुठलीशी लढाई पाहिली आहे असं आप्पा छातीवर हात ठेवून सांगत. माझ्या मते ती हरलेल्या बाजूने लढली असावी. एस्टी यायच्या आधी एस्टीची माणसं भरून न्यायची, असा त्यांचा धंदा. आमच्याकडे त्याला वडाप म्हणतात. त्या जीपमध्ये ते किती माणसं कोंबत हे खरं सांगितलं तर तुम्ही मला खोटारडा म्हणाल, म्हणून कमी करून सांगतो : बावीस. आप्पा स्वतः निम्मे बाहेर असत. एक पाय ब्रेकवर, दुसरा वाऱ्यावर. मी सांगलीच्या हायस्कुलात मराठी शिकवायचो आणि राहायचो पलूसात, त्यामुळे रोजचं गिऱ्हाईक. मास्तर म्हणून मला मानाची पुढची जागा, म्हणजे गिअरचा दांडा दोन पायांच्या मध्ये घेऊन बसायचं. ते दुसरा गिअर टाकायचे तेव्हा मला सगळे समास आठवायचे.

पेट्रोलवर हा धंदा जगत नव्हता आणि डिझेलची नवी गाडी आप्पांच्या सात पिढ्यांना झेपणारी नव्हती. मग त्यांनी सांगलीच्या एका फिटरकडून रॉकेलची टाकी आणि पितळी कॉक बसवून घेतला. त्यासाठी लागलेले जादा पैसे संगीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले होते. संगी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. त्यावरून काकी, म्हणजे आप्पांची बायको, महिनाभर त्यांच्याशी भिंतीकडे तोंड करून बोलत होत्या.

आमच्या शाळेतले सायन्सचे जोशीसर या टाकीच्या फार विरुद्ध. त्यांनी एकदा भर स्टँडवर आप्पांना गाठलं.

"आप्पा, रॉकेलनं इंजिनाचं आयुष्य निम्मं होतं."

"आन् पेट्रोलनं माजं," आप्पा म्हणाले.

"शिवाय हे बेकायदा आहे."

"मग एस्टीनं या, सर. ती कायदेशीर हाय. सांच्यापतुर ईल."

जोशीसर मुकाट्याने मागे बाविसावे होऊन बसले.

आता त्या कॉकचं काम नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. गार इंजिन रॉकेलवर सुरू होत नाही. सकाळी पेट्रोलवर सुरू करायचं, इंजिन तापलं की सीटखालचा कॉक फिरवून रॉकेलवर जायचं. आणि गाडी मुक्कामाला लावण्याआधी, घर मैलभर लांब असतानाच, कॉक परत पेट्रोलवर करायचा. मग नळीतलं उरलंसुरलं रॉकेल जळून जातं आणि सकाळसाठी पेट्रोल जाग्यावर तयार राहतं. विसरलात तर सकाळी दारात जीप नसते, लोखंडाचा ठोकळा असतो.

आप्पांनी खर्च नको म्हणून किन्नर, म्हणजे गाडीवरचा मदतनीस पोऱ्या, ठेवला नव्हता. मग आठवण कोण करणार? पॅसेंजर. पलूसच्या अलीकडे कॅनॉलचा पूल आहे. संध्याकाळच्या खेपेला पूल आला की अख्खी जीप एका सुरात ओरडायची, "आप्पा, कॉक!" आप्पा खाली वाकायचे, खट् असा आवाज यायचा आणि सगळे सुस्कारा सोडायचे. नवखी माणसं दचकत. वसगड्याची एक म्हातारी तर हा कुठल्यातरी देवाचा गजर समजून पुलावर रोज हात जोडायची. संगी शाळकरी असताना आप्पांच्या सीटमागे उभी राहून यायची. पूल दिसायच्या आधी, नुसता वारा बदलला की तिचा आवाज पहिला निघायचा. तिच्या त्या किंकाळीने एकदा कॅनॉलवर पाणी पीत असलेली म्हैस थेट आत गेली होती. म्हैस कोणाची होती हे तुम्ही मला विचारा, मी नाव सांगतो.

रॉकेल यायचं कुठून? रेशनचं. ज्यांच्या घरी गॅस आला होता ते आपल्या वाट्याचं निळं रॉकेल कॅनमधून आणून आप्पांना द्यायचे, आणि आप्पा त्याबद्दल तिकीट माफ करायचे. पलूसात भाड्याला रॉकेल चालतं ही गोष्ट सांगलीतल्या माझ्या ओळखीच्यांना पटायची नाही. मग मी त्यांना माझा शर्ट हुंगायला द्यायचो. आप्पांच्या जीपमधून उतरलेल्या माणसाला विडी पेटवून द्यायला कोणी धजत नसे. डास तर आमच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत.

एकदा नागपंचमीला आप्पांनी शिराळ्याची खेप काढली. बोरगावच्या अलीकडे एक गडी मडकं घेऊन चढला. मडक्याला फडकं, फडक्याखाली नाग. जीपमध्ये बसल्या जागी सगळे बारीक झाले. आप्पा मात्र शांत. "नागाचं हाफ तिकीट पडंल," म्हणाले. शिराळ्यात पोचल्यावर त्या गड्याने मोठ्या तोऱ्यात मडकं उघडलं, तर नाग रॉकेलच्या वासाने असा गुंगलेला की फणा सोडा, मानसुद्धा उचलेना. गडी आप्पांच्या अंगावर धावला.

"माज्या नागाचा बट्ट्याबोळ केलास! ह्याची भरपाई कोन दील?"

"भरपाई न्हाई, पर एक कर," आप्पा म्हणाले. "परतीला त्येला फुडं बसीव. मास्तरच्या जाग्याव. वारं लागंल."

मी परतीला एस्टीने आलो.

असा हा माणूस. दिवसभर बोलायचा, आणि बोलणं फिरून फिरून संगीवर यायचं. दुसऱ्या टाकीने दोन-तीन वर्षांत काढलेले पैसे पुन्हा संगीच्या नावावर गेले आणि वर भरही पडली. लग्न वडूजला ठरलं. जावई फौजेत, घरचं कोरडवाहू रान, माणसं कमी बोलणारी पण सरळ. मांडवात आप्पा प्रत्येक पाहुण्याला कोपऱ्यात घेऊन सांगत होते, "हे समदं दुसऱ्या टाकीवर झालंया बरं का." नवरीची पाठवणीही त्याच जीपमधून झाली. वडूजपर्यंत शालूला असा वास लागला की सासरच्यांनी म्हणे ओवाळताना निरांजन जरा लांबूनच फिरवलं.

वर्षभराने संगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचे सासरे, त्यांना सगळे नाना म्हणायचे, सोडायला आले होते. ते दारातच म्हणाले, "पाव्हणं, तुमी व्हय म्हनला तर आमी साताऱ्याला नेतो. मोठा दवाखाना हाय, ही आन् हिची जाऊ तितंच खोली करून ऱ्हातील दोघी."

"पयलं बाळतपण म्हायेरात," आप्पा म्हणाले. "आन् काळजी कसली करता? तुमच्या वडूजला गाडी म्हनली की एस्टीची वाट बघायची. हितं माज्या दारात गाडी हाय."

यापुढचं मी वाढवून सांगणार नाही. वाढवायला जागाच नाही. काकींनी मला जसं सांगितलं तसं सांगतो.

दिवस भरत आले तसं आप्पा तिला दाखवायला मिरजेला घेऊन गेले. तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या की वार खाली आहे, बाळाच्या वाटेतच. कळा सुरू झाल्या किंवा रक्त दिसलं तर जराही वेळ दवडायचा नाही, ताबडतोब इथे आणायचं, आणि त्यापेक्षा आजपासून इथेच राहिलेलं बरं. आप्पांनी विचारलं, किती दिवस? त्या म्हणाल्या, दोन दिवस लागतील, नाहीतर दोन आठवडे. आप्पा हसले. "मग खाट कशाला अडवायची, बाई? गाडी दारात उभी असती माज्या. तुमची नर्स चप्पल घालतीया तवर आमी हितं."

संगीलाही घरीच यायचं होतं. दवाखान्याच्या वासाने तिला मळमळत होतं. रॉकेलच्या वासाने नाही, हे तिने स्वतःच हसून सांगितलं म्हणे.

येताना जीपमध्ये तिघंच. आप्पांनी वाटेत एकही पॅसेंजर घेतला नाही. नांद्र्याला ओळखीची माणसं हात करत राहिली, आप्पा थांबले नाहीत. माधवनगर सोडलं तेव्हाच संगी काकींच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. रस्ता त्या वर्षी उसाच्या गाड्यांनी पार खणून निघाला होता. लेकीला दणका बसू नये म्हणून आप्पा प्रत्येक खड्ड्याला गाडी जवळजवळ उभी करत होते, सायकलवाले मागून येऊन पुढे जात होते. काकी सांगत होत्या, "एवढी हळू गाडी त्यांनी जल्मात चालवली नसंल. रस्त्याबिगर त्यांचं कशात ध्यान न्हवतं." कॅनॉलचा पूल आला. जीपमध्ये ओरडायला कोणी नव्हतं. काकी त्या पुरुषांच्या आरडाओरड्यात कधी पडल्या नव्हत्या. आणि जी पडायची ती झोपली होती. गाडी अलगद पुलावरून उतरली, दारात आली, आप्पांनी चावी फिरवली. संगीला हाताला धरून आत नेलं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर काकी अंगणात सडा टाकत होत्या. आतून संगीने हाक मारली. आत जाऊन बघतात तर अंथरूण लाल झालेलं.

आप्पा बनियनवरच धावले. चावी फिरवली. इंजिन नुसतं घुरघुरलं. पुन्हा फिरवली. थंडीचे दिवस, बॅटरी जुनी. ती लवकरच मान टाकायला लागली. मग ते पुढे येऊन हँडल मारायला लागले. दोनदा मारल्यावर गाडी खोकली आणि मागून पांढरा धूर आला. त्या धुराच्या वासानेच त्यांना कळलं. हँडल हातात तसंच धरून, मान वर न करता, ते एकदाच बोलले.

"कॉक."

आळी गोळा झाली. ज्यांनी वर्षानुवर्षं पुलावर ओरडून कॉकची आठवण केली होती, त्याच माणसांनी जीपला खांदा लावला. वरच्या देवळापर्यंत ढकलत नेली, उतारावरून सोडली. ती धूर सोडत गेली आणि खाली जाऊन गप्प उभी राहिली. कोणी सायकलवरून डॉक्टरच्या मोटारीसाठी गेलं. डॉक्टर कराडला गेलेले. उसाचा ट्रॅक्टर आला, पण त्याच्या ट्रॉलीत तिला कशी घालणार? आप्पांनी कार्बोरेटर खोलला, रॉकेल ओतून टाकलं, प्लग काढून काकींच्या चुलीवर तापवले. फौजेत बर्फात गाड्या सुरू करणारा माणूस. त्या दिवशी त्यांच्या हातातून पाना दोनदा पडला. गाडी सुरू झाली तेव्हा अंगणात ऊन आलं होतं.

मिरजेत मूल वाचलं. मुलगी झाली. नर्सने ती काकींच्या हातात दिली. आई घ्यायच्या स्थितीत राहिली नव्हती.

नाना वडूजहून आले. त्यांनी आरडाओरडा केला नाही, कोणाला बोल लावला नाही. बाराव्याला नातीला दुपट्यात गुंडाळून नेताना आप्पांच्या समोर क्षणभर थांबले आणि एवढंच म्हणाले, "आमी साताऱ्याला नेणार हुतो." आप्पांनी मान हलवली.

आप्पा महिनाभराने पुन्हा रस्त्यावर आले. बोलणं गेलं होतं. संध्याकाळच्या खेपेला कॅनॉलचा पूल आला की जीपमधले सगळे खाली बघायचे. ओरडायची कोणाची छाती नव्हती. अंधारात खट् असा आवाज यायचा, आणि वसगड्याच्या त्या म्हातारीने हात जोडायचं सोडून डोळ्याला पदर लावायला सुरुवात केली होती.

पुढे एक नवीनच सुरू झालं. गाडी रात्री दारात लावली की आप्पा इंजिन बंद करायच्या आधी शेजारच्याला हाक मारायचे.

"बघितलंस का रं?"

"बघितलं, आप्पा."

"कशाव हाय?"

"पेट्रोलाव."

मगच चावी फिरायची. शेजारी नसला तर रस्त्याने जाणाऱ्याला बोलवायचे. एकदा एका दीडशहाण्याने चेष्टेत "रॉकेलाव हाय" म्हणून सांगितलं. आप्पांनी गाडी वळवली, कॅनॉलपर्यंत जाऊन आले आणि त्याच माणसाला परत विचारलं, "आता?" तो माणूस त्यानंतर त्या आळीतून जायचाच बंद झाला.

आणि दिवसा तर त्यांनी इंजिन बंद करणंच सोडलं. सांगली स्टँडवर नंबर लागेपर्यंत तासतासभर जीप घुरघुरत उभी. दुसऱ्या टाकीने जे वाचवलं होतं ते असं उभ्या उभ्या जळत होतं. बाकीचे वडापवाले धुराने खोकायचे.

अशात भिलवडीचा एक पोरगेला गडी आला. त्याने नुकतीच जुनी जीप घेतली होती. आप्पांचं घडलेलं त्याला माहीत नसावं, किंवा माहीत असून गरज मोठी असावी.

"आप्पा, लोक तुमचं नाव सांगत्यात. दुसऱ्या टाकीला जादा पैसं घालू का नगं? परवडतं का?"

स्टँडवरचा चहावाला हातातली किटली तशीच धरून थांबला. जोशीसर माझ्या शेजारीच होते. ते काहीतरी बोलणार असं मला वाटलं, पण त्यांनी चष्मा काढला आणि तो पुसत बसले.

आप्पांनी त्या पोराकडे बघितलं.

"परवडतंय," ते म्हणाले. "लय परवडतंय. म्हयन्याभरात फरक दिसंल. बसव."

पोरगा खुशीत गेला. आप्पा माझ्याकडे न बघताच म्हणाले, "खोटं कशाला बोलू, मास्तर? परवडतंयच की."

नात चालायला लागली असं कानावर आल्यावर आप्पा एका रविवारी माझ्या दारात आले. वडूजला जायचं होतं. "तुमी चला. मला बोलाय जमायचं न्हाई, तुमचं शबुद बरं असत्यात." बाराव्यानंतर त्यांनी त्या पोरीला बघितलं नव्हतं. बोलावणं आलं नव्हतं आणि हे आपण होऊन गेले नव्हते. बरोबर एक फ्रॉक घेतला होता, अंदाजाने घेतलेला, चार वर्षांच्या पोरीला होईल असा.

विटा, मायणी करत आम्ही गेलो. वाटेत आप्पांनी कुठेही इंजिन बंद केलं नाही. मायणीत चहा घेतला तोही स्टिअरिंगवर बसूनच. वाटेतच कॉक पेट्रोलवर घेतला. वडूजला नानांच्या घरासमोर, रस्त्याच्या कडेला जीप उभी केली. घुर्रर्र चालूच.

नाना बाहेर आले. मला वाटलं होतं चेहरा पडेल, कडक बोलतील. तसं काहीच झालं नाही.

"या, पाव्हणं. लय दिसानं. बंद करा गाडी, आत या. च्या टाकाय सांगतो."

आप्पा उतरले आणि बॉनेटला हात लावून उभे राहिले. "असू द्या चालू," म्हणाले.

तेवढ्यात संगीची सासू नातीला कडेवर घेऊन उंबऱ्यात आली. पोरीचं कपाळ संगीचं होतं. एवढं मला दिसलं, आप्पांना काय दिसलं ते मी सांगू शकत नाही. त्यांनी फ्रॉक पुढे केला. पण जीपचा धूर सरळ घरात चालला होता आणि त्या आवाजाने पोरगी भेदरली. आजीच्या मानेत तोंड खुपसून तिने जे भोकाड पसरलं ते आवरेना.

"आवं, बंद करा की," नाना म्हणाले. "पोरगी भितीया. बंद केलं की येती बघा तुमच्याकडं. माणसाला लाजत न्हाई ती."

मी वाकून सीटखाली बघितलं. "आप्पा, मी बघतोय. कॉक पेट्रोलवर आहे. करा बंद."

त्यांचा हात चावीकडे गेला.

"सोताच्या डोळ्यानं बघितलं न्हवं?"

"बघितलं. हात लावून बघितलं."

चावी त्यांच्या बोटात होती. दारात पोरगी रडत होती. नाना वाट बघत होते, आणि मला आठवतं, मी त्या हाताला मनातून ढकलत होतो, जशी आळीने जीप ढकलली होती तसा. हात मागे आला.

"नगं, मास्तर," आप्पा म्हणाले. "लेकरू हाय घरात. गाडी कवा लागंल, काय सांगता येतंय?"

सासूबाईंनी धुरापायी पोरीला आत नेलं आणि दार लोटून घेतलं. मग नानांनी आत जाऊन स्वतः चहाचा कप बाहेर रस्त्यावर आणून दिला. आप्पांनी तो उभ्यानेच घेतला, एका हाताने. फ्रॉक काखेत होता. दुसरा हात तापलेल्या बॉनेटवर.